टोकापाशी

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज यायची ती रात्री दोनला,
चोरपावलांनी, तासाभरासाठी.
बाकी वेळ मी कंदील धरायचे
आणि देदा, म्हणजे माझी आई, लिहायची.

कागद नव्हता. ट्राम डेपोच्या रद्द फॉर्मांच्या पाठीवर
तिची संकलनचिन्हं लटकायची,
खाटकाच्या दुकानातल्या रिकाम्या आकड्यांसारखी.
मी अकरा वर्षांची. विचारलं, हे करतं काय?
हा कारक, ती म्हणाली. त्याला कसलंही वेडंवाकडं फलन दे.
तो एकेका बिंदूपाशी थांबतो
आणि झाडून सगळ्या शेजाऱ्यांना विचारतो,
तुमचं काय, तुमचं काय.
जवळच्याचं जास्त ऐकतो, लांबच्याचं कमी,
पण ऐकतो.
मग बेरीज.
बाहेर येतं ते मूळच्याहून मऊ असतं.

मला ते पावाच्या रांगेत कळलं.
पहाटे चार, उणे सहा, तळहातावर जांभळ्या शाईचा नंबर.
हातचे दोनशे चौदा.
पुढच्या बाईचा खोकला अख्खा ऐकू यायचा,
तिच्या पुढच्याचा अर्धा,
भट्टीपाशी जुंपलेल्या भांडणाची नुसती गुणगुण.
अर्शाक चांभार मागून म्हणायचा, सरक पोरी, सरक.

बिद्झिना ग्लदानीहून चालत यायचा, मेट्रो बंद.
बूट काढायचा नाही, कारण मोजा एकच होता.
ते दोघं एका शब्दावर तासन् तास अडायचे: अंतःस्थापन.
एक अवकाश दुसऱ्या, मोठ्या अवकाशात बसवायचा.
आतल्या कुणाला धक्का लावायचा नाही,
जे फलन होतं तेच राहणार,
बदलणार फक्त मोजायची पट्टी,
आणि हमी एवढीच की नवं माप
जुन्याच्या अमुक पटीवर जाणार नाही.
अमुक म्हणजे किती? बिद्झिनानं विचारलं.
देदानं स्टोव्हची वात खाली केली.
म्हणाली, असा स्थिरांक आहे, एवढं आज पुरे.

मार्चमध्ये तो गोथेनबर्गला गेला. तोच माणूस, तोच कोट.
प्रमेय त्याच्याच बॅगेत गेलं, पायजम्यात गुंडाळून.
त्याचं पहिलं पत्र तीन ओळींचं:
इथे मला कुणी ओळखत नाही,
पण दिवे चालू असतात,
आणि मी अजून रांग दिसली की उभा राहतो.

परीक्षकाचं उत्तर सप्टेंबरात आलं.
त्याच आठवड्यात समुद्राकडून
मालखाझमामाची बातमी आली होती, म्हणजे
बातमी नसल्याची बातमी.
पाकीट दोन दिवस पिठाच्या डब्यावर पडून राहिलं.
मग तिनं उघडलं.
घातांक एक घेतला की सगळं ढासळतं, त्यानं लिहिलं होतं,
आणि चार ओळींत दाखवलं होतं कसं:
वजन तेवढंच ठेवायचं
आणि एकाच बिंदूपाशी गोळा करत न्यायचं,
आणखी, आणखी.

मला वाटलं ती रडेल. ती हसली, मग बराच वेळ हसली नाही.
टोकापाशी असंच होतं ग, म्हणाली.
तिथे पक्की असमता मागायची नाही.
दुबळी मागायची.
ती, किती उंच जाईल, याला लगाम घालत नाही,
इतकंच सांगते की जिथे फार उंच जातं
ती जागा लहान आहे.
आणि जितकं उंच, तितकी लहान.

मामाची खोली लहानच होती.
तिथे आम्ही बटाटे ठेवायला लागलो.

मी गणित केलं नाही. वीज कंपनीत मीटर वाचते,
साबुरतालोचे सहाशे उंबरठे, कुत्र्यांसकट.
परवा देदाचे फॉर्म लावत बसले.
एकावर "सर्व घातांकांसाठी" खोडून वर लिहिलंय
"एकाहून मोठ्या", हिरव्या पेन्सिलीनं,
आणि कडेला, चूकभूल द्यावी घ्यावी.
उजेडासमोर धरलं तर शाई आरपार दिसते,
आकडे उलटे लटकलेले,
आणि त्यांच्यामधून छापील रकाना:
विलंबाचं कारण.
तो तिनं कधी भरला नाही.